मंडळी ओसरत असताना देवाकडे मोठे मागणे मागावे का?

ठाण्यापलीकडचा (धागाकर्ता)
सर्वांना जय ख्रिस्त. आमची मराठी मंडळी (चर्च) मध्य रेल्वेवर ठाण्याच्या पुढे एका शाळेच्या सभागृहात भरते. महासाथीपूर्वी रविवारी उशिरा येणाऱ्याला दाराशी उभे राहावे लागत असे. आता मागच्या रांगांच्या खुर्च्या आम्ही उलगडतही नाही, त्या घडी घालून भिंतीला टेकवलेल्या असतात. काही कुटुंबे परवडणारे घर मिळाले म्हणून बदलापूर-वांगणीकडे गेली, काहींची मुले इंग्रजी उपासनेला जाऊ लागली आणि काही जण का येईनासे झाले हे विचारायला आमच्यापैकी कोणी गेलेच नाही. दशांश घटला आहे आणि सभागृहाचे भाडे मात्र वाढले आहे.

अशा वेळी आमच्या पाळकांनी नव्या वर्षाच्या उपवास-प्रार्थनेसाठी दोन विषय सुचवले आहेत: मंडळीची स्वतःची वास्तू आणि बदलापूरला नवी शाखा. पंच कमिटीत यावरून सरळ दोन तट पडले. एक वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी) म्हणाले, ‘आहेत ती माणसे आधी सांभाळू, मग देवाकडे इमारत मागू.’ दुसरे म्हणाले, ‘लहान मागणे हाच अविश्वास आहे.’ मी कमिटीचा सचिव असल्याने दोन्ही वाक्ये इतिवृत्तात लिहिली आणि घरी येऊन बराच वेळ विचार करत बसलो. खचलेल्या काळात मोठे मागणे मागणे हा विश्वास आहे की स्वतःची समजूत काढणे आहे? कृपया केवळ एखादे वचन लिहून थांबू नये; ‘आपण मागतो त्यापेक्षा देव फार अधिक करू शकतो’ असे सांगणारे इफिसकरांस पत्र ३:२० आमच्या सभागृहाच्या भिंतीवर गेली कित्येक वर्षे लावलेलेच आहे.

मेगाब्लॉक
सचिवसाहेब, मध्य रेल्वेवरच्या मंडळीने रविवारची हजेरी मोजताना आध्यात्मिक निष्कर्ष काढण्याआधी त्या दिवशीचे वेळापत्रक पाहावे, अशी माझी नम्र सूचना आहे. आमच्याकडे ज्या रविवारी धीम्या मार्गावर ब्लॉक असतो, त्या रविवारी निम्मी गायकमंडळी पहिल्या गीतानंतर पोहोचते. प्रश्न गंभीर आहे हे मी जाणतो; जाणकारांच्या प्रतिसादांची वाट पाहत आहे.

भायखळेकर
ज्या मुंबईत आपण ‘मंडळी ओसरली’ असे म्हणतो, तिथे या कामाची सुरुवातच कशी झाली ते आठवून पाहावे. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले, ते जहाजाने कोचीनपर्यंत निघून गेले आणि तेथून त्यांना पुन्हा मुंबईत आणण्यात आले. पुढे राहण्याची परवानगी मिळाली, पण नॉट प्रकृती ढासळल्यामुळे १८१५ मध्ये परतले. सहकारी सॅम्युअल न्यूवेल १८२१ मध्ये येथेच वारले. हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीच्या रोग्यांना औषध देत असता स्वतः त्याच रोगाने दगावले. तेरा वर्षांच्या त्या कामात बाप्तिस्मा घेतलेल्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आजची कोणतीही पंच कमिटी असा अहवाल पाहून काम बंद करण्याचा ठराव एकमताने मंजूर करील.

तरीही ही माणसे मागत होती ती एखाद्या खोलीसाठी नव्हे, तर मराठी बोलणाऱ्या सगळ्या मुलखासाठी. त्यामुळे मागणे लहान करावे, या वडिलांच्या मताशी मी सहमत नाही. मात्र हॉल यांनी हजेरीचा आकडा मागितला असता, तर पहिल्या पाच वर्षांतच त्यांची प्रार्थना आटली असती, असेही मला वाटते.

विश्वासाने_चाला
भायखळेकरांना पूर्ण अनुमोदन. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी अनाथ मुलांच्या गरजांसाठी एकाही माणसाकडे हात पसरला नाही. त्यांनी फक्त देवाला सांगितले आणि हजारो मुले वाढवली. आपण मात्र प्रार्थनेआधीच भाड्याचे गणित मांडत बसतो. कमिटीने अंदाजपत्रकावरची चर्चा थांबवून गुडघे टेकावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाटसरू
मी श्रद्धाळू नाही, पण या संस्थळावरचे असे धागे आवर्जून वाचतो. माझी शंका प्रामाणिक आहे. मागितले ते मिळाले तर देवाने ऐकले, उशिरा मिळाले तर त्याची वेळ वेगळी होती आणि मिळालेच नाही तर त्याची इच्छा निराळी होती. असे असेल, तर प्रार्थना फसली हे ओळखण्याचा काही मार्ग आहे का? आणि तसा मार्ग नसेल, तर मागणे मोठे की लहान याने फरक काय पडतो?

शब्बाथशाळा_ताई
वाटसरू, फरक मागणाऱ्यात पडतो. पण हे उत्तर अपुरे आहे याची मला कल्पना आहे, म्हणून पाळकसाहेबांनी लिहावे.

निवृत्त_पाळक
ताईंनी पुकारा केलाच आहे, तर लिहितो.

वाटसरू यांनी विचारलेला प्रश्न पवित्र शास्त्रातल्या माणसांनी अधिक कठोर शब्दांत विचारलेला आहे, त्यामुळे त्यात कोणी अपमान मानू नये. आमच्या पिढीतल्या पाळकांनी यिर्मया ३३:३, म्हणजे ‘मला हाक मार’ हे वचन इतक्या वेळा दिनदर्शिकांवर छापले, की ते कोठे उच्चारले गेले याचा विसर पडला. संदेष्टा यिर्मया त्या वेळी पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला होता आणि नगर पडणार हे त्याने स्वतःच राजाला सांगितले होते. त्याच्या आदल्या अध्यायात त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, की अनाथोथचे माझे शेत तू विकत घे. शत्रूच्या ताब्यात गेलेल्या मुलखातले शेत! यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांपुढे खरेदीखत करतो आणि ते आपला लेखनिक बारूख याच्या हातून मातीच्या पात्रात ठेवायला लावतो. आणि एवढे सगळे केल्यावर मग प्रार्थनेला बसतो.

ती प्रार्थना मी माझ्या सेवाकाळातल्या एका अतिशय वाईट वर्षात पुन्हा पुन्हा वाचली. सुरुवात भव्य आहे: तू आकाश व पृथ्वी निर्माण केलीस, तुला अवघड असे काहीच नाही. शेवट मात्र गोंधळलेल्या माणसाचा आहे: नगर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती जात आहे आणि तू मला शेत विकत घ्यायला सांगतोस? मोठा विश्वास आणि मोठी शंका एकाच प्रार्थनेत आहेत आणि देव त्याला त्यासाठी रागावत नाही. पुढे नगर पडलेच. यिर्मयाला त्याच्या मनाविरुद्ध मिसर देशात नेण्यात आले; त्या शेतात त्याने कधी नांगर धरल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही.

सचिवांना माझे सांगणे इतकेच, की वास्तू आणि शाखा जरूर मागावी, पण मागणाऱ्यांनी आपल्या खिशातले रुपे कोठे तोलले आहे ते आधी पाहावे. खरेदीखत न करता केलेली मोठी प्रार्थना मी पुष्कळ ऐकली आहे, काही वेळा स्वतःच्याच तोंडून. आणि वाटसरू, यिर्मयाची प्रार्थना फसली की नाही हे मला ठरवता येत नाही. त्याला येत होते असेही दिसत नाही.

वाटसरू
मनापासून दिलेल्या उत्तराबद्दल आभारी आहे. पटले असे म्हणत नाही, पण ते दोन अध्याय वाचून पाहीन.

गिरणगाव८२
पाळकसाहेबांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहावेसे वाटले. माझे बालपण परळच्या चाळीत गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांत आमच्या मंडळीतली बरीच घरे होती. चाळीतल्या प्रार्थनासभेची एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्या पानावर शाईने रेघा आखून तीन रकाने केलेले होते: तारीख, विनंती, उत्तर. संपाच्या काळातल्या पानांवर विनंतीच्या रकान्यात एकाच हस्ताक्षरात, आठवड्यामागून आठवडा, ‘गिरण्या सुरू व्हाव्यात’ असे लिहिलेले आहे. पहिल्यांदा पूर्ण वाक्य आहे, नंतर नुसते ‘गिरण्या’ आणि त्यानंतर वरच्या ओळीखाली दोन छोट्या तिरक्या रेघा. उत्तराचा रकाना कोरा आहे.

पुढे काय झाले ते मुंबईला ठाऊक आहे. काही गिरण्या अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, पण हजारो कामगारांना परत घेतले गेले नाही आणि आज त्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे आहेत. आमच्या मंडळीतली कुटुंबे गावी गेली, काही नालासोपाऱ्याला, काही कळव्याला. माझ्या वडिलांनी पुढे रखवालदाराची नोकरी केली आणि रविवारची उपासना सोडली नाही, पण सभेत मोठ्याने प्रार्थना करणे मात्र कायमचे थांबवले.

मला राग येतो तो देवाचा नव्हे. त्या वर्षांनंतर आमच्या व्यासपीठावरून कोणीही असे म्हटले नाही, की आपण मागितले आणि ते मिळाले नाही. कोणी म्हणाले विश्वास कमी पडला, कोणी म्हणाले देवाने अधिक चांगले योजले आहे. वडिलांच्या रिकाम्या डब्याला यांपैकी कोणतेच स्पष्टीकरण लागू पडत नव्हते. मोठी प्रार्थना जरूर करावी, पण ‘नाही’ असे उत्तर आल्यास ते ‘नाही’ म्हणून लिहिण्याची मुभा मंडळीने आधी द्यावी. गेथशेमाने बागेत प्रभूने जो दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितले तो टळला नाही, हे आपण दर शुभ शुक्रवारी वाचतो. मग आपल्या वहीत ते लिहायला आपण एवढे का घाबरतो?

शब्बाथशाळा_ताई
गिरणगाव८२, ती वही अजून आहे का? असल्यास कृपया जपून ठेवा.

गिरणगाव८२
आहे, ताई. माझ्या बहिणीकडे आहे.

पाळकीणबाई
इतके दिवस फक्त वाचत होते. वरच्या चर्चेत एक बाजू येत नाही, म्हणून लिहिते. मी एका उपनगरातल्या पाळकांची पत्नी आहे. मंडळीचे नाव सांगणार नाही.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि पहिला बाप्तिस्मा, कृष्ण पाल यांचा, १८०० च्या डिसेंबरअखेर झाला. धीर धरण्याविषयीच्या उपदेशात ही सात वर्षे हमखास येतात. त्यांच्या पत्नी डोरथी केरी क्वचित येतात. त्या मुळात यायला तयार नव्हत्या, तान्हे मूल घेऊन आल्या, १७९४ मध्ये त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला आणि त्यानंतर त्यांचे मन जे ढासळले ते १८०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. केरींच्या कामाबद्दल मला आदर आहे. मराठी नवा करार त्यांच्या छापखान्यातून १८११ मध्ये निघाला, हेही मी जाणते. पण मोठ्या प्रार्थनेची किंमत नेहमी प्रार्थना करणाराच भरतो, असे नाही.

आमच्या घरी काय होते ते सांगते. मंडळीने मोठा विषय हाती घेतला, की ‘पाळकसाहेब पुढे असतील’ असे गृहीत धरले जाते. उपवास त्यांनी धरायचा, रात्रीची साखळी-प्रार्थना त्यांनी चालवायची, जागा पाहायला त्यांनी जायचे आणि हजेरी वाढली नाही तर ‘अभिषेक कमी पडतो’ हे ऐकूनही त्यांनीच घ्यायचे. एका बैठकीनंतर एका वडिलांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन सांगितले, की बाई, तुम्ही अधिक प्रार्थना करायला हवी. मी तेव्हा त्यांच्याच चहाचे कप विसळत होते. संदेष्टा एलीया कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. सचिवांच्या कमिटीने पाळकांच्या सुचवलेल्या विषयांवर मतदान करण्याआधी, त्यांना शेवटची सलग सुट्टी कधी मिळाली, एवढे विचारावे.

मेगाब्लॉक
पाळकीणबाई, आपला प्रतिसाद मी आमच्या कमिटीच्या गटात पाठवण्याची परवानगी मागतो. कप विसळणाऱ्या प्रसंगासह.

पाळकीणबाई
पाठवा. आपली कमिटी वेगळी असावी, अशी आशा आहे.

वांद्रेकरीण
मी कॅथलिक आहे, त्यामुळे थोडे निराळे बोलते. सप्टेंबरमध्ये माउंट मेरीच्या जत्रेत पायऱ्यांलगतच्या दुकानांत मेणाची घरे, हात, पाय, बाळे विकायला मांडलेली असतात. मुंबईत घर मागणे ही काही लहान प्रार्थना नव्हे, पण ती मेणाची घरे घेणाऱ्यांत हिंदू, पारशी, ख्रिस्ती सगळे असतात आणि त्यांच्यातला कोणीही आपला विश्वास मोठा आहे असे समजत नाही. गरज मोठी आहे एवढेच त्यांना माहीत असते. आपण सेवाकार्यातली माणसे मात्र मागण्याच्या आकारावरून विश्वासाची उंची मोजायला लागतो, तिथे मला अडखळायला होते.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बरीच खळबळ झाली होती. ज्या बाईकडे सारे जग श्रद्धेचा आदर्श म्हणून पाहत होते, तिला कित्येक दशके प्रार्थनेत देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते. तिने त्या काळात घरे उघडणे थांबवले नाही. मला वाटते, मागण्यासाठी मन उल्हसित असावेच लागते, हा आपला समज आहे.

भायखळेकर
‘विश्वासाने_चाला’ यांच्या म्यूलरविषयीच्या प्रतिसादाला उत्तर द्यायचे राहिले होते. म्यूलर यांनी कोणाकडे पैसे मागितले नाहीत हे खरे आहे, परंतु ते दरवर्षी जमाखर्चासह अहवाल छापत असत आणि तो वाचला जात असे. गुडघे आणि हिशेबाची वही यांत त्यांना विरोध दिसला नाही. अंदाजपत्रक थांबवण्याची सूचना मला त्यामुळे मान्य नाही.

आपल्याकडे म्यूलर यांचे चरित्र मनावर घेणारी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा उघडली, पुढच्या वर्षी ती पुण्याला नेली. सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून झालेल्या १८९३ च्या वादात न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळाने कबूल केलेली मदत दहा वर्षांपुरतीच होती आणि ती मुदत १८९८ मध्ये संपणार होती. नेमक्या त्याच सुमारास, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणल्या. पैसे कोठून येणार हे माहीत नसताना त्यांनी केडगावच्या जमिनीवर विहिरी खोदल्या, झोपड्या उभारल्या. केडगावचे १९०५ चे आत्मिक जागरण सगळ्यांना पाठ असते, पण त्याच्या अलीकडची ही बारा वर्षे मला अधिक मोलाची वाटतात. पाळकसाहेबांनी ज्याला खरेदीखत म्हटले ते हेच असावे.

विश्वासाने_चाला
अहवालाचा मुद्दा योग्य आहे. तरीही मी माझ्या मूळ म्हणण्यावर ठाम आहे: ज्या बैठकीत दीड तास भाड्यावर आणि पाच मिनिटे प्रार्थनेवर जातात, त्या बैठकीचा कल कोणीकडे आहे हे सांगायला अहवाल लागत नाही.

निवृत्त_पाळक
हे मात्र शंभर टक्के खरे आहे.

शब्बाथशाळा_ताई
नारायण वामन टिळकांचे उदाहरण कोणी दिले नाही, याचे नवल वाटते. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन पंढरपुरी राहिल्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, तोही स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या वेळेला. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र मराठी काव्यात आणण्याचे प्रचंड काम आरंभले आणि ते अपुरे ठेवून १९१९ मध्ये ते गेले. ते काव्य पुढे लिहिले लक्ष्मीबाईंनी आणि १९३६ मध्ये त्यांचेही निधन झाल्यावर अखेरचा भाग त्यांच्या मुलाने पुरा केला. ज्या बाईला बाप्तिस्म्याची वार्ता ऐकून जगणे नकोसे झाले होते, तिच्याच हातून ‘ख्रिस्तायन’चा बहुतांश भाग उतरावा, असे मागण्याचे धाडस टिळकांनीही केले नसेल.

पाळकीणबाईंच्या मुद्द्याला मात्र या उदाहरणाने उत्तर मिळत नाही, उलट तो अधिक पक्का होतो.

वाटसरू
यिर्मया वाचला. सतरा शेकेलचा हिशेब आणि खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद आणि एक उघडी, हा तपशील मला सर्वांत विश्वसनीय वाटला. ज्याला स्वतःची समजूत काढायची असते, तो कागदपत्रे इतकी नीट करत नाही. माझी मूळ शंका कायम आहे.

ठाण्यापलीकडचा (धागाकर्ता)
सर्वांचे मनापासून आभार. काल कमिटीची बैठक झाली. पाळकीणबाईंचा प्रश्न मी सर्वांत आधी विचारला. आमच्या पाळकांनी उत्तर देण्यापूर्वी बराच वेळ घेतला, त्यावरून सगळ्यांना समजले. त्यांना मे महिन्यात सलग सुट्टी देण्याचा आणि त्या काळातल्या उपासना वडिलांनी आळीपाळीने चालवण्याचा ठराव झाला.

प्रार्थनेचे दोन्ही विषय ठेवले आहेत, लहान केलेले नाहीत. मात्र वास्तूसाठी प्रार्थना करणाऱ्या प्रत्येक घराने त्या निधीत आपापल्या ऐपतीने काही घालायचे आहे, मग ती रक्कम कितीही असो. बदलापूरला गेलेल्या कुटुंबांना ‘परत या’ असे न म्हणता त्यांच्या घरीच आठवड्याची सभा सुरू करायची आहे. प्रार्थनेची वही मी स्वतः आखली असून तिच्यात गिरणगाव८२ यांच्या सूचनेप्रमाणे ‘नाही’ लिहिण्यास परवानगी आहे, असे पहिल्या पानावर नमूद केले आहे. ज्या वडिलांनी आधी माणसे सांभाळण्याचा आग्रह धरला होता, त्यांनीच येईनाशा झालेल्या घरांना भेटी देण्याची जबाबदारी घेतली. त्यांचा विरोध अजूनही मावळलेला नाही, हेही इतिवृत्तात आहे.

लेखापाल
एक कोरडी सूचना: वास्तू निधी पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवा, पावतीवर कारण लिहा आणि वास्तू न झाल्यास त्या पैशांचे काय करायचे याचा ठराव आताच करून ठेवा. ‘नाही’ या उत्तराची तयारी वहीप्रमाणे बँकेतही हवी. माझ्या पाहण्यात देणगीदार रागावतात ते काम न झाल्यामुळे नव्हे, कोणी काही न सांगितल्यामुळे.

ठाण्यापलीकडचा (धागाकर्ता)
लेखापाल, पुढच्या बैठकीत हा ठराव मांडतो. बदलापूरच्या सभेसाठी सोमवार की बुधवार असा प्रश्न आहे. यजमान कुटुंबाला दोन्ही दिवस सोयीचे आहेत.

पाळकीणबाई
बुधवार ठेवा. सोमवारी पाळकांच्या घरी कपडे वाळत घालायचे असतात आणि फोन बंद असतो.